तळं गळतंय की नुसतं आटतंय? बागेतल्या तळ्याच्या कागदाची तपासणी आणि दुरुस्ती

होळी झाली की मला फोन यायला लागतात. "ताई, तळं गळतंय. कागद बदलायला किती खर्च येईल?" कागद म्हणजे खड्ड्यात पाणी टिकावं म्हणून अंथरलेलं रबर किंवा प्लास्टिक. माझा धंदा पाणवनस्पतींचा. पुण्यात कर्वेनगरला गच्चीवर टबांमध्ये कुमुदं वाढवायची आणि कोथरूड, बाणेर, सहकारनगर, प्रभात रोड असं फिरून लोकांच्या बागांत लावून द्यायची. रोप एकदा लावलं की त्या तळ्याचं पुढचं सगळंच माझ्या गळ्यात पडतं, त्यात गळतीही आली. आणि माझं मत आता पक्कं झालंय की बहुतेक वेळा कागद निर्दोष असतो. पाणी काठावरून जातं, धबधब्याच्या पाइपातून जातं, नाहीतर सरळ उन्हाने उडतं. त्यामुळे कागद बदलायची भाषा करण्याआधी मोजायचं. जे मोजत नाहीत ते उत्साहाने तळं उपसतात, चार मासे मारतात आणि भोक काही सापडत नाही.

(काँक्रीटच्या हौदाबद्दल इथे बोलत नाही. त्याचं दुखणं आणि औषध दोन्ही वेगळं. हे सगळं जमिनीत खड्डा काढून त्यावर रबर किंवा प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यांसाठी आहे.)

आधी उन्हाचा हिशेब. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण ६ ते १० मिलिमीटर आपोआप उतरते. हवा कोरडी, दुपारनंतर वारा, ऊन तर विचारूच नका. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उतरलं म्हणजे एक लिटर गेलं, हे गणित डोक्यात ठेवा. तुमचं तळं ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असेल तर पृष्ठभाग ६ चौरस मीटर. दिवसाला १० मिलिमीटर म्हणजे ६० लिटर, म्हणजे चार बादल्या. आठवडाभर कोणी पाणी घातलं नाही तर ७ सेंटीमीटर कागद उघडा पडतो. काठाला तो काळा पट्टा दिसला की मालकांच्या पोटात गोळा येतो. यात गळती कुठेच नाही.

म्हणून बादली लावायची. एक साधी प्लास्टिकची बादली घ्या, तळाशी वीट ठेवा म्हणजे ती तरंगणार नाही, आणि तळ्यात ज्या पायरीवर कुंड्या ठेवता त्या पायरीवर ती उभी करा. बादलीत तळ्याचंच पाणी भरायचं, आत आणि बाहेर पातळी सारखी येईपर्यंत. आत स्टीलची फूटपट्टी उभी चिकटवा, बाहेर तळ्याच्या उभ्या बाजूलाही एक. चोवीस तास पंप बंद. तळ्याला आपोआप पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर त्याचा नळ बंद करायला विसरू नका. हा व्हॉल्व्ह मोठा लबाड असतो. गळती असली तरी गुपचूप भर घालत राहतो, पातळी हलत नाही, आणि मालकाला ती कळते थेट पाण्याच्या टाकीच्या हिशेबावरून. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दोन्ही आकडे बघा. बादली ६ मिलिमीटर उतरली आणि तळं ७, तर काही झालेलं नाही, चहा प्या. बादली ६ आणि तळं २५, तर १९ मिलिमीटर कुठेतरी पळतायत. ६ चौरस मीटरच्या तळ्यात ते ११४ लिटर होतात, रोजचे.

एक अपवाद. तळ्यात जलपर्णी माजली असेल, किंवा काठाला पाणकणीस दाट असेल, तर ही झाडं उघड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पानांतून हवेत सोडतात. अशा तळ्यात बादली आणि तळ्यात थोडा फरक पडणारच. जलपर्णी आधी काढून टाका. ती मी कोणाला विकतही नाही, मुळा-मुठेत आहे तेवढी पुरे. मग पुन्हा बादली लावा.

आता फरक खरोखरच आहे असं धरू. तरी कागदाला हात लावायचा नाही. पंप बंद असताना पातळी टिकते आणि चालू केला की उतरते, असं होतंय का ते बघा. एक दिवस बंद, एक दिवस चालू, दोन्ही वेळा मोजायचं. चालू असतानाच पाणी जात असेल तर चोर धबधब्यात आहे. पाइपाचा सांधा सुटलेला असतो, फिल्टरचं झाकण नीट बसलेलं नसतं, किंवा धबधब्याच्या दगडांमागे कागदाची कड खाली बसून पाणी मागच्या मातीत उतरत असतं. दगडांवरून उडणारे तुषारही कमी समजू नका. पश्चिमेचा वारा सुटला की कारंज्याचं निम्मं पाणी लॉनवर पडतं आणि घरचे म्हणतात, वा, लॉन काय हिरवंगार आहे!

पंप बंद असतानाही पाणी जातंय? मग काठ. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण चोऱ्या जास्त इथेच होतात. कागदाची कड दगडांच्या मागे उभी वर आलेली असायला हवी, पाण्याच्या पातळीपेक्षा चार बोटं तरी उंच. प्रत्यक्षात काय होतं? तळं खणलं तेव्हा बाहेर काढलेली माती काठावर टाकून वरून चापून दिलेली असते. पहिल्या पावसाळ्यात ती बसते. नदीच्या बाजूच्या भागांत काळी माती असेल तर ती उन्हाळ्यात तडकते, पावसात फुगते, आणि काठ दर वर्षी थोडा हलतो. एका कोपऱ्यात कड दोन सेंटीमीटर जरी खाली आली तरी तळं तेवढं भरल्यावर तिथून गुपचूप वाहत राहतं. डोळ्यांना हे दिसत नाही. मिस्त्री लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब आणा, पाणी भरून काठाच्या सगळ्या बाजूंना लावून बघा. सखल जागा पाच मिनिटांत सापडते. तिथले दगड उचला, कागद मागे दुमडा, खाली मुरूम भरून धुमसाने नीट ठोका, कागद परत वर घ्या. काम संपलं. ना सोल्युशन, ना ठिगळ.

काठाचा दुसरा प्रकार जास्त फसवा. लॉनचं गवत किंवा कुंडीतली माती कागदाच्या कडेवरून आत पाण्याला टेकली की ती पाणी शोषून बाहेर नेते, कंदिलाची वात रॉकेल ओढते तसं. कागद शाबूत, कड उंच, तरी तळं रोज उतरतं. शोधायचं कसं? काठावरून फिरा आणि कुठली माती सकाळी सातलाही ओली आहे, कुठल्या बाजूचं गवत उगाच जोमात आहे, ते बघा. मग कागद आणि मातीच्या मध्ये तळहाताएवढी जागा मोकळी करून तिथे गोटे घाला. मॉसही हेच करतं. ते दगडावर कितीही छान दिसत असलं तरी कडेवरून ओघळू द्यायचं नाही.

आणि हो, तळ्याच्या भिंतीतून आरपार पाइप काढलेला असेल तर तिथल्या टाकी निपलचा, म्हणजे पाइप भिंतीत बसवणाऱ्या जोडाचा, वॉशर तपासा. पाच-सात वर्षांनी रबर कडक होतं. कागदात मुद्दाम पाडलेलं हे एकमेव भोक, आणि लोक ते सोडून बाकी सगळीकडे शोधतात.

इथपर्यंत सगळं स्वच्छ निघालं तर मग कागद. आता पाणी उतरू द्यायचं. उपसायचं नाही, स्वतःहून उतरू द्यायचं, कारण पाणी भोकाच्या पातळीपर्यंत येऊन थांबतं आणि आपल्याला जागेची उंची फुकटात कळते. रोज सकाळी फूटपट्टी बघा, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. उतार एकदम मंदावला, म्हणजे नुसता उन्हाएवढा राहिला, की समजायचं भोक त्याच पातळीला किंवा किंचित वर आहे. आता काठाभोवती फक्त तेवढाच एक पट्टा बघायचा. पातळी थांबलीच नाही आणि तळाकडे चालली, तर भोक तळाशी.

मासे असतील तर पाणी एक तृतीयांशाखाली जाऊ देऊ नका. त्याआधीच मासे बाहेर काढायचे. मोठा टब किंवा मुलांचा फुगवायचा पूल चालतो, सावलीत ठेवायचा, आणि त्यात तळ्याचंच पाणी घ्यायचं, नळाचं नाही. एअर पंप सतत चालू हवा. वरून जाळी बांधा, कारण कोई मासा नव्या जागी पहिल्या रात्री हमखास उडी मारतो. त्या दिवसांत खायला घालू नका. फिल्टरचा स्पंजही तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवा. तो वाळला की त्यातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि तळं परत भरल्यावर अमोनिया वाढून मासे आजारी पडतात.

भोक शोधायला सकाळची वेळ चांगली, वारा पडलेला असतो. पट्ट्यातली धूळ आणि शेवाळ आधी हाताने हलकेच बाजूला करा आणि पाणी निवळू द्या. घड्या आणि सुरकुत्या पहिल्यांदा, दगडांच्या खालची जागा मग, कुंड्यांचे कोपरे त्यानंतर. तळातला बारीक गाळ एका रेषेत कुठे सरकलेला दिसतोय का? भोक त्या रेषेच्या टोकाला असतं. कागदावर तळहात दाबून बघा, एखाद्या जागी खाली चिखल लागल्यासारखं बुळबुळीत, पोकळ वाटेल. संशय आला की दूध. सुई काढलेली ५ मिलिलिटरची सिरिंज, त्यात थोडं दूध, आणि संशयाच्या जागेपासून दोन बोटांवर एकेक थेंब सोडायचा. पाणी अगदी स्थिर हवं. गळती नसेल तर दूध जागच्या जागी ढगासारखं पसरतं. असेल तर बारीक पांढरा धागा होऊन भोकाकडे ओढलं जातं. काळ्या कागदावर हे इतकं स्पष्ट दिसतं की घरातली सगळी माणसं बघायला जमतात. पण लिटरभर ओतू नका. दूध कुजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन खातं. पोटॅशियम परमँगनेट किंवा शाई तर नकोच.

एक भोक सापडलं म्हणून शोध थांबवायचा नाही. घुशीने कुरतडलं असेल तर शेजारी दुसरं असतंच. सापडलेल्या जागेभोवती पांढऱ्या ऑइल पेंटच्या मार्करने गोल काढा, ओला कागद वाळल्यावर भोक पुन्हा डोळ्यांना सापडत नाही.

दुरुस्तीआधी कागद कोणत्या जातीचा आहे ते ठरवा, कारण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ठेकेदाराने काय टाकलं ते मालकांना क्वचितच माहीत असतं. काठावरून नखाएवढा तुकडा कापा, पाण्याच्या ग्लासात बोटाने बुडवा, चिकटलेले बुडबुडे झटका आणि सोडा. वर आला तर पॉलिथिन, म्हणजे शेततळ्याला वापरतात तो एचडीपीई कागद किंवा त्याचा भाऊबंद. बुडाला तर रबर किंवा पीव्हीसी. आता तो तुकडा ताणा. सायकलच्या ट्यूबसारखा ताणून परत जागेवर आला तर ईपीडीएम रबर. चकचकीत, प्लास्टिकच्या पडद्यासारखा वास असलेला आणि ताणल्यावर ढिला पडणारा म्हणजे पीव्हीसी. जाळून वास घेऊन ओळखायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

ईपीडीएम सगळ्यात शहाणा कागद. त्याच्यासाठी स्वतःचा प्रायमर (चिकटवण्याआधी लावायचा द्रव) आणि स्वतःचीच चिकटपट्टी मिळते, आणि तीच वापरायची. टायर पंक्चरवाल्याचं सोल्युशन ट्यूबच्या रबरासाठी आहे, ईपीडीएमला ते नीट धरत नाही. चार दिवस बसतं आणि पाण्याखाली सुटतं. सिलिकॉनचंही तेच. भोकाभोवतीचा वीतभर भाग हिरव्या घासणीने हलक्या हाताने, साध्या पाण्याने घासा. साबण नको. पूर्ण वाळू द्या, मग स्वच्छ फडक्याने प्रायमर लावा. प्रायमर बोटाला चिकट लागला पाहिजे, पण ओला लागता कामा नये. तो क्षण ओळखण्यात सगळं कौशल्य आहे. ठिगळ भोकाच्या कडेपासून चारी बाजूंनी ७-८ सेंटीमीटर मोठं हवं आणि त्याचे कोपरे गोल कापलेले. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचकटतो. मधून बाहेर असं दाबत न्या, म्हणजे हवा अडकत नाही, आणि मग छोट्या रोलरने जीव खाऊन दाबा. रोलर नसेल तर काचेची बाटली आडवी फिरवा. सुरकुतीवर ठिगळ मारू नका. आधी सुरकुती सपाट करा, त्यासाठी वरचे दगड हलवावे लागले तरी हलवा. पाणी दुसऱ्या दिवशीच.

उन्हात हे काम करू नये. दुपारी काळा कागद हाताला चटका देतो आणि प्रायमर लावता लावता उडून जातो. सकाळी सहा-साडेसहाला सुरुवात करा, वर ताडपत्री बांधून सावली करा. ढगाळ दमट दिवसही टाळा, कागद वाळला असं वाटतं पण वाळलेला नसतो. माझ्या मते दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे महिने यासाठी उत्तम, हवा कोरडी, ऊन सोसवेल असं, आणि थंड पाण्यात मासेही टबात शांत राहतात. पण गळती पंचांग बघून येत नाही, हेही खरं.

पीव्हीसीला मऊ पीव्हीसीचंच सोल्युशन लागतं, रेक्झिन आणि ताडपत्री जोडणारे वापरतात तसलं. प्लंबरच्या डब्यातलं सोल्युशन कडक पाइपांसाठी असतं, ते इथे आणू नका. ठिगळ त्याच जातीच्या कागदाचं, दोन्ही बाजूंना सोल्युशन, डब्यावर लिहिलेला वेळ थांबून दाबायचं आणि वर वाळूची पिशवी ठेवायची. पण पीव्हीसी जुना होऊन कडक पडला असेल, दुमडल्यावर पांढरी रेघ उमटत असेल, तर ठिगळावर पैसे घालवू नका. आज एक भोक बुजवाल, पावसाळ्याआधी शेजारी दुसरं तयार.

एचडीपीई मात्र कशालाच चिकटत नाही. फेविक्विक, एम-सील, रबर सोल्युशन, लोकांनी जे जे लावून बघितलंय ते सगळं महिन्याभरात पापुद्र्यासारखं हातात येतं. दोष त्या वस्तूंचा नाही, पॉलिथिनचा पृष्ठभागच तसा आहे. हा कागद गरम हवेनेच जोडावा लागतो. हॉट एअर गनने दोन्ही पृष्ठभाग एकाच वेळी वितळवायचे आणि रोलरने दाबायचे. घरच्या घरी पहिल्यांदाच करायला गेलात तर भोक मोठं व्हायची शक्यता जास्त. पुरंदर-शिरूरकडे शेततळ्यांना ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड, कागद अंथरणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडे गन असते आणि हात बसलेला असतो. एवढ्याशा कामाला ते लगेच येत नाहीत, त्यांची पुण्यात फेरी असेल तेव्हा गाठावं लागतं. जोड झाल्यावर स्क्रू ड्रायव्हरचं बोथट टोक कडेने हळूच ढकलत न्या. कुठेही आत शिरलं तर जोड कच्चा आहे, तिथे पुन्हा गन. ते येईपर्यंत तात्पुरतं म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी ब्यूटाइल टेप, वर कागदाचा तुकडा आणि त्यावर वाळूची पिशवी. याने दिवस निघतात, वर्ष निघत नाही. आणि बांधकामावरचा पातळ काळा प्लास्टिक कागद ठिगळालासुद्धा घेऊ नका. ऊन लागलं की तो बिस्किटासारखा तुटतो.

सामान पुण्यात कुठे? ताडपत्री, टेपा, रोलर आणि तऱ्हेतऱ्हेची सोल्युशनं यांच्यासाठी मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाते. गाडी घेऊन जाऊ नका, एवढंच सांगते. कागदाचा कापलेला तुकडा खिशात न्या आणि काउंटरवर ठेवा. "तळ्याला लावायचं आहे" एवढंच सांगितलंत तर दुकानदार त्याच्याकडे जे जास्त पडलंय ते देईल.

ठिगळ मारण्याआधी भोकाखालची जमीन बघितल्याशिवाय राहू नका, ही माझी हट्टाची गोष्ट आहे. भोक पडलं कशाने? बाणेर-पाषाणच्या टेकडीच्या उतारावर मुरमात फोडलेल्या दगडाच्या कपच्या असतात, तळ्यात माणूस उतरला की त्या खालून टोचतात. भोक मोठं असेल तर बोट घालून कपची काढून टाका, पोकळी बारीक वाळूने भरा. बांबू जवळ असेल तर त्याचा कोंब सरळ कागदातून वर येतो, अशा वेळी बांबू आणि तळं यांतलं एकच ठेवा. पाणकणसाची मुळंही टोकदार, ते आणि कमळ कुंडीतच लावा, मोकळं सोडू नका. भोकाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या आणि खाली पोकळ बीळ असलं तर घूस. बीळ विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवावं लागतं, नाहीतर ती पुन्हा त्याच वाटेने येते. आणि एक पुणेरी कारण, गणपती. घरच्या तळ्यात विसर्जन करतात आणि मूर्तीखालच्या पाटाचा कोपरा कागदाला लागतो. पाट बाजूला काढून, शाडूची मूर्ती मोठ्या बादलीत विसर्जित करा आणि ते पाणी झाडांना घाला. महापालिका प्लास्टरच्या मूर्ती विरघळवायला देते ती अमोनियम बायकार्बोनेटची पावडर तर माशांच्या तळ्याच्या आसपाससुद्धा नको.

कागदाखाली मऊ थर असला तर निम्मी भोकं पडतच नाहीत. त्यासाठी जिओटेक्स्टाइल, म्हणजे जमिनीत घालायचं न कुजणारं जाड कापड, सगळ्यात चांगलं. बारदान किंवा जुन्या सुती सतरंज्या टाकू नका, वाळवी लागते आणि वर्षभरात तिथे माती उरते. जुने फ्लेक्स मात्र छान चालतात, दोन-तीन थर. आपल्या शहरात वाढदिवसांची कमतरता नाही, मागितले तर फुकट मिळतात. छापलेली बाजू जमिनीकडे करा. तळ्याखाली भाऊंचा हसरा चेहरा असणं मला पर्यावरणाच्या दृष्टीने योग्य वाटतं.

पावसाळ्यातलं एक प्रकरण वेगळं सांगायला हवं. जुलैमध्ये तळाचा कागद फुग्यासारखा वर येतो आणि लोकांना वाटतं काहीतरी फाटलं. फाटलेलं नसतं. उतारावरून जमिनीत मुरलेलं पाणी कागदाखाली साचून त्याला वर ढकलतं, कधी खाली कुजलेल्या पाल्याचा वायूही असतो. अशा वेळी कोणीतरी शहाणा सळई घेऊन हवा काढायला जातो. त्याला आवरा. तळं उपसूही नका, वरचं पाणीच कागदाला खाली दाबून धरतंय. उताराच्या बाजूला फूटभर खोल चर खणून पाणी दुसरीकडे वळवा, पाऊस उघडला की फुगा आपोआप बसतो.

कागद बदलायचाच ठरला तर माप असं काढा. लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही काठांचे मिळून ६० सेंटीमीटर. रुंदीलाही तेच. ३ मीटर बाय २ मीटर आणि ६० सेंटीमीटर खोल तळ्याला ४.८ बाय ३.८ मीटर कागद लागतो. जुना कागद काढून फेकू नका. त्यातले दगड, काटक्या काढून तो तसाच गादीसारखा खाली ठेवा आणि नवा वर अंथरा.

परत भरताना घाई नको. तळं उभ्या भिंतींचं धरलं तर वरच्या मापाला ३,६०० लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात तेवढं कुठून आणणार याचा विचार उपसण्याआधी करा, टबांत आणि पिंपांत जुनं पाणी जमेल तेवढं साठवून ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते पाणी उघड्या टाकीत एक-दोन दिवस ठेवून मग घाला, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं क्लोरीन घालवायचं औषध मापाने वापरा. बोअरचं पाणी जड असतं, आपल्या काळ्या पाषाणातून येतं, ते एकदम सगळं घातलं तर माशांना बदल सोसत नाही. जुन्यात मिसळून थोडं थोडं द्या. पाणी पाइपने थेट ठिगळावर सोडू नका, पाइपाचं टोक एका बादलीत ठेवा आणि बादली भरून सांडू द्या. मासे पिशवीत घालून पिशवी अर्धा तास तळ्यावर तरंगत ठेवा, मग सोडा.

नंतरचा आठवडाभर फ्लोट व्हॉल्व्ह बंद, बादली आणि फूटपट्टी जागेवर, रोज सकाळी आकडा. दोन्ही आकडे बरोबरीने उतरायला लागले की व्हॉल्व्ह उघडा. आणि माशांसाठी भरलेले टब मात्र मासे तळ्यात सोडले त्याच दिवशी पालथे घाला. आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचा माणूस गेटवर उभा राहून तेच बघतो.